मनमाड – आई (एक)

तुम्ही आत्ता काय अपेक्षा करताय ते मला माहीत आहे. ओळखीच्या जुन्या माणसावर कोणी लिहायला बसलं की एक म्हातारा येतो. वरून तिरसट, आतून लोण्याचा गोळा, आणि शेवटच्या पानावर तो गचकतो. मग तुम्ही चष्मा पुसता. तर पुसायचा असेल तर आत्ताच पुसून घ्या, कारण आमचे काका शेवटी मरत नाहीत. ठणठणीत आहेत. मागच्याच महिन्यात नाशकात शालिमारला भेळेच्या गाडीवर दिसले, कांदा बारीक चिरलेला नाही म्हणून भेळवाल्याला झापत होते. आणि दुसरं, हे मी काही प्रेमाने लिहीत नाहीये. मी त्या माणसावर जळायचो. चांगला धूर निघेपर्यंत जळायचो.

मी मूळचा नांदगावचा. शाळेत अभ्यासात यथातथाच, पण आवाज काढण्यात तालुक्यात पहिला. एकदा दाराआड उभं राहून हेडमास्तरांच्या आवाजात 'शाळा सुटली, गोंधळ नको' एवढंच म्हणालो, तर अख्खी सातवी ब दप्तरं उचलून घरी गेली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं यश. पुढे नाशकात अंबडला इलेक्ट्रिकच्या स्विचचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅचला लागलो, तेव्हा तीन महिन्यांत मालक, मालकांचा ड्रायव्हर, कँटीनवाली मावशी, सगळे माझ्या गळ्यात येऊन बसले होते. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाभोवती गर्दी. मालक फोनवर बायकोशी कसे बोलतात ते मी करून दाखवायचो आणि लोकांच्या नाकातून ताक यायचं.

पण दाराशी स्टोअरवाले काका कागद घेऊन आले, की माझं थिएटर दोन मिनिटांत रिकामं. मालक अर्ध्या वाक्यात फोनवर लटकलेले राहायचे आणि माझे सगळे प्रेक्षक काकांच्या खांद्यावरून त्या कागदात डोकावायचे.

हा कागद म्हणजे सहलीचा कागद. नाशिकच्या आसपास एक-दोन दिवसांत जे काही बघण्यासारखं आहे, लेणी, गड, देवळं, धरणं, त्याचा बेत आखून देणं हा काकांचा छंद. सुपरवायझरपासून झाडूवाल्यापर्यंत कोणीही जावं. काका गंजलेल्या स्टुलावर बसायला सांगणार आणि पहिला प्रश्न विचारणार, "गुडघे किती?"

म्हणजे तुमच्या गटात दुखरे गुडघे किती. माणसं नाही, गुडघे. एखाद्या आजीचा एकच दुखत असेल तर एक. थंडीतच दुखत असेल तर अर्धा. बेरीज करून काका वर लिहायचे, 'साडेतीन गुडघे', आणि मग त्याखाली सहल. पॅकिंगवाल्या एकाचं नवीन लग्न झालं होतं, हनिमूनला भंडारदऱ्याला जायचं होतं. त्यालाही विचारलं, "गुडघे किती?" तो लाजून म्हणाला, "काका, चारही चांगलेत." काकांनी शांतपणे लिहून घेतलं, 'शून्य'.

त्यांच्या नकाशात रस्ता कायम सरळ असायचा. खालून वर एक रेघ, बस्स. घाट असो नाहीतर यू टर्न असो, रेघ सरळ. "रस्ता सरळच असतो, आपण वळतो. कळलं? कळलं." हे त्यांचं ठरलेलं. बारीक, थोडा नाकातला आवाज, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वतःच विचारायचे, स्वतःच उत्तर द्यायचे. रेघेच्या दोन्ही बाजूंना खुणा. 'डावीकडे टायर पंक्चरवाला (दाढी).' मी एकदा मुद्दाम विचारलं, "काका, त्याने दाढी काढली तर?"

"तर तो सांगेल की काढली म्हणून. विचारायचं त्याला."

सगळे हसले. विनोद माझा होता, हशा त्यांना. हे असं.

आणि रंगीत तालीम. कुठल्याही सहलीच्या आधीच्या रविवारी काका एकटे त्यांच्या एम-एटी मोपेडवर तो पूर्ण रस्ता करून यायचे. कुठे चहा किती मिनिटांत येतो, कुठल्या देवळात सकाळी ऊन गाभाऱ्यापर्यंत पोचतं, बायकांसाठी बरी जागा कुठे आहे, सगळं घड्याळ लावून. त्यांच्या हिशोबात तीस माणसं बसमधून उतरायला चार मिनिटं लागत आणि चढायला अकरा. "उतरताना उत्साह असतो. चढताना चप्पल सापडत नाही." प्रत्येक कागदात एक ओळ हमखास असायची, '४.१५ ते ५.०० – काही नाही.' त्या पाऊण तासात खरंच काही करायचं नाही. बसायचं. मालकांनी एकदा विचारलं, "एवढा वेळ फुकट कशाला?" तर काका म्हणाले, "साहेब, लोक घरी आल्यावर हेच सांगतात." आणि खरंच लोक तेच सांगायचे. सिन्नरचं गोंदेश्वर बघून आलेल्या बायका कोरीवकाम विसरल्या होत्या, पण देवळाच्या ओट्यावर बसून पाऊण तास कशा हसलो ते सांगताना थकत नव्हत्या.

मी म्हटलं, यात काय मोठंसं आहे? हे तर कोणीही करेल.

एका मे महिन्यात काका पुतणीच्या लग्नाला गेले होते. मी छाती काढून जाहीर केलं, रविवारी अर्ध्या दिवसाची सहल, प्लॅन माझा. अंजनेरी, त्र्यंबक आणि शेवटी दुगारवाडीचा धबधबा. कागदही केला, दोन रंगांत. गुडघे विचारले नाहीत, मला ते चावट वाटायचं. चौदा माणसं घेऊन भर उन्हात दरी उतरून धबधब्यापाशी गेलो, तर तिथे दगड होते. खूप छान दगड होते. वरून खाली सगळे कोरडे. कँटीनवाल्या मावशी पदराने वारा घेत म्हणाल्या, "अरे मेल्या, मे महिन्यात पाणी कुठनं येणार? काकांना विचारायचं तरी होतं."

ते वाक्य मी पुढे सहा महिने ऐकलं. डबा सांडला तरी, 'काकांना विचारायचं होतं'.

तरीही इथपर्यंत मी सहन केलं असतं. पण मग ते माझ्या घरात घुसले.

त्या जानेवारीत कारखान्याची सहल ठरली चांदवड आणि अंकाईला. सकाळी चांदवडचा रंगमहाल आणि रेणुकामाता, मग मनमाडवरून अंकाईचा किल्ला. माझाच भाग. मनमाडहून नांदगाव पुढचं स्टेशन म्हटलं तरी चालेल. मी लोकांना सांगायला सुरुवात केली की अंकाईबद्दल मला विचारा, तर काका म्हणाले, "तू वर गेलायस?"

गेलो नव्हतो. जन्मभर खालूनच बघितला होता. गाडी मनमाडात शिरली की माझी आई खिडकीतून त्या डोंगराकडे हात जोडायची. वर अगस्ती ऋषींची गुहा आहे, तळं आहे. तिला एकदा तिथे जायचं होतं. लग्न झाल्यापासून जायचं होतं. बाबा बाजार समितीत मापाडी, त्यांना सवड नाही, आणि मग तिचे गुडघे गेले. मी दहावीत असताना म्हणालो होतो, "नोकरी लागू दे, तुला पाठीवर बसवून नेतो." नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. पाठ होती तिथेच होती.

तालमीच्या रविवारी काका अंकाईहून थेट नांदगावला आमच्या घरी गेले. मला न सांगता. आईची ही इच्छा मी कधीतरी जेवताना बोलून गेलो होतो, तेवढ्यावर. मंगळवारी शेजारच्यांच्या फोनवरून आईचा फोन.

"आरं, तुझे ते काका आलते. लय गुणाचा माणूस. दोन भाकरी खाल्ल्या, आपला चुलीवरचा पत्रा नीट बसवून दिला. आन मला काय म्हणले म्हाईतीय का? म्हणले, वैनी, तुम्ही येताय. मी म्हणलं माझे पाय हे असे. तर म्हणले, खुर्चीची सोय करतो. गावातली दोन पोरं हायेत, बांबूला खुर्ची बांधून म्हाताऱ्यांना वर नेत्यात, सवय हाय त्यांना. आरं, मी वर जाणार!"

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय? तुला आनंद नाय झाला?"

झाला होता ना. फक्त तो काकांनी दिलेला होता. कागद आला, त्यावर लिहिलं होतं, '९.५० – मनमाड – आई (एक).' माझी आई, काकांच्या कागदावर, चहा आणि लघवीच्या मध्ये. आणि खाली, '१०.५० – पायथा, खुर्ची.' मी तो कागद इतका वेळ बघत बसलो की डिस्पॅचचा टेम्पो चुकीच्या खोक्यांनी भरून गेला.

मला तिची खुर्ची मोडायची नव्हती, खरंच नव्हती. मला फक्त एकदा तो कागद चुकलेला बघायचा होता. फक्त एक तास.

शनिवारी दुपारी मालक बाहेर होते. मी डिस्पॅचच्या फोनवरून बसवाल्याला फोन लावला आणि नाकात आवाज घेतला. "ऐकू येतंय ना? मग ठीक. उद्या साडेपाच नाही, साडेसहाला या. द्वारका चौकातच. कळलं? कळलं." बसवाला म्हणाला, "हो काका, साडेसहा." फोन ठेवला. काम झकास झालं होतं. समोर कोणी प्रेक्षक नव्हता याचंच तेवढं वाईट वाटलं.

सकाळी सव्वापाचला द्वारका चौकात तीस माणसं. जानेवारीतली थंडी, बायका शालीत, पोरं पेंगत. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. काका रस्त्याच्या कडेला उभे, घड्याळ बघत नव्हते, फक्त रस्ता बघत होते. साडेसहाला बस आली आणि लोक तुटून पडले.

बसवाला खाली उतरला. "ओ, माझ्यावर काय ओरडता? काकांनीच काल फोन करून साडेसहा सांगितलं. काका, सांगा ना यांना. कळलं कळलं पण म्हणालात तुम्ही."

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग एकदा गर्दीवरून नजर फिरवली. मी तेव्हा बसचा मागचा टायर बघत होतो. चांगला टायर होता, नक्षी शाबूत होती.

"हो," काका म्हणाले. "चूक माझी. चला, बसा."

पॅकिंगवाला माझ्या कानाशी आला. "आयला, काका पण चुकतात?" आणि मला, खोटं कशाला बोलू, इतकं बरं वाटलं की थंडी पळाली.

पण त्या दिवशी मी काकांना पहिल्यांदा घाई करताना पाहिलं. रंगमहालात ते भिंतीवरच्या चित्रांसमोर उभं राहायला पाच मिनिटं देत असत, त्या दिवशी दोन दिली. पण उशिरामुळे रेणुकामातेला दर्शनाची रांग लागली होती, तिथेच पाऊण तास गेला. संध्याकाळचं 'काही नाही' चक्क आधीच रद्द केलं. "चला, चला, बसा," असं ओरडत होते, त्यांचा बारीक आवाज फाटत होता. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो काका, एवढं काय, पिकनिकला आलोय ना?" मी मागच्या सीटवर बसून ते सगळं डोळ्यांनी खात होतो. त्यांना घाम फुटलाय, त्यांचा कागद घडी घालून खिशात गेलाय.

मनमाड स्टेशनबाहेर आई बाकावर बसली होती. नऊपासून. ठेवणीतलं जांभळं पातळ, आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. नवे कोरे. मी म्हणालो, "खुर्चीत बसायला बूट कशाला?" तर म्हणाली, "वर गेल्यावर चार पावलं मी चालंन की. देवापुढं बसून जाऊ का?" काकांनी हात धरून तिला बसमध्ये घेतलं, पुढची सीट दिली आणि ड्रायव्हरला हळू म्हणाले, "जरा दाबा. बारा वाजायच्या आत."

तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, बाराच का?

पायथ्याला पोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. लिंबाखाली खुर्ची होती, बांबू बांधलेले होते, माणसं नव्हती. पारावर एक आजोबा बसले होते.

"आत्ताच गेली ना पोरं. सकाळधरनं वाट पाहत बसली. बाराला टेम्पो आला, तिकडं देवळा गावाला कांदे भरायला गेली. मंगळवारी येत्याल आता."

"अकराचं ठरलं होतं," काका मला म्हणाले. मला कशाला सांगत होते कोण जाणे. "बारापर्यंत थांबतो म्हणाले होते."

बाकीच्यांना त्यांनी वर पाठवलं, ऊन चढत होतं. खाली आम्ही तिघं. मी म्हणालो, "मी वरून चार पोरं बोलावतो, उचलतील."

"नाय," आई म्हणाली. "लोक सुट्टीला आल्यात, माझी वझी उचलायला नाय."

मग काका खुर्चीच्या मागे गेले आणि बांबू खांद्यावर घ्यायला वाकले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. मी पुढे लागलो. आई "आरं, नको, आरं" करत बसली. आणि तुम्हाला सांगतो, खुर्ची उचलणं ही ताकदीची गोष्ट नाही, सवयीची आहे. मी डावा पाय टाकला की ते उजवा टाकायचे. खुर्ची झुलायची, आई देवाचं नाव घ्यायची. पहिल्या पायऱ्या कशाबशा गेल्या. मागून काकांचा श्वास ऐकू यायला लागला, शिट्टीसारखा. मला वाटत होतं, आता ते म्हणतील थांब. मी तर म्हणणार नव्हतोच, ते दमल्याशिवाय मी दमणार नव्हतो. अशा जिद्दीत आम्ही आईला वीसेक पायऱ्या वर नेलं आणि तिथे माझाच पाय सटकला.

पडली नाही. काकांनी मागून तोल धरला, त्यांचं कोपर कातळावर सोलवटलं. "ठेवा!" आई ओरडली. "ठेवा खाली! दोघं मरताल आन वर देवापुढं काय सांगू मी?"

उतरवली. ती त्या पायरीवर बसली, बुटांवरची धूळ झटकली आणि डोंगराकडे हात जोडले. मनमाडच्या खिडकीतून जोडायची तसेच. फक्त थोडं जवळून. मग काकांचं कोपर स्वतःच्या पदराने पुसायला लागली. काका म्हणत होते, "वैनी, माझी वेळ चुकली," आणि ती म्हणत होती, "असू द्या हो, चालायचंच." मी बाजूला उभा. माझ्या हाताला पण खरचटलं होतं. कोणी विचारलं नाही.

सोमवारी कारखान्यात एकच विषय, काका चुकले. कोणीतरी म्हणालं, "ए, करून दाखव ना, फोनवर कसे बोलले असतील." मी नाही म्हणायला हवं होतं. पण बऱ्याच दिवसांनी टेबलाभोवती एवढी गर्दी होती. मी नाकात आवाज घेतला, "उद्या साडेपाच नाही, साडेसहाला या. कळलं? कळलं." हशा फुटला. आणि मग एकेकाचा बंद पडत गेला, कारण दाराशी काका उभे होते, कोपराला पट्टी, हातात चहाचा ग्लास.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं होतं. "चांगला आहे," ते मला म्हणाले. "फोनवर याहून बरा जमला असेल." आणि स्टोअरमध्ये निघून गेले.

बाकीच्यांना काही कळलं नाही. कोणाला सांगितलंही नाही त्यांनी. आठवडाभर मला स्टोअरमधून खिळे मिळत होते, पुठ्ठे मिळत होते, सही मिळत होती. रागावणं तेवढं मिळत नव्हतं. ओरडले असते तर मी उलट चार शब्द बोललो असतो, भांडण झालं असतं, सुटलो असतो. शेवटी रविवारी पॅसेंजरने नांदगाव गाठलं. आई ओट्यावर बाजरी पाखडत होती. मी सगळं सांगितलं. फोन, आवाज, तास. म्हटलं, माझ्यामुळे तुझा गड राहिला, तुला काय बोलायचं ते बोल.

सूप थांबलं.

"गडाचं मला काय सांगतो? गड हाय तिथंच हाय, तो काय देवळ्याला कांदे भराया गेला का? मी न्हाई गेले तर न्हाई गेले. पर त्या माणसानं तीस लोकांत, थंडीत, पोराबाळांसमोर 'चूक माझी' म्हणलं, आन तू टायर बघत हुतास? टायर? तुला लाज न्हाई वाटली रं? पुन्हा सोमवारी नक्कल करून दाखवली, तोंड वर करून! आन त्यांनी तुझं नाव नाय घेतलं, का नाय घेतलं? मी तिथं बसमधी येणार हुते म्हणून. माझ्या तोंडाकडं बघून त्या माणसानं गिळलं. मला वाटलं त्यांचीच वेळ चुकली, 'असू द्या' म्हणलं मी त्यांना, मोठ्या मनाची होऊन! काय वाटलं आसंल त्यांना?"

"आई, पण तू तरी माझ्या बाजूने..."

"बाजू? उठ. आधी उठ इथनं. उद्या जेवायच्या सुट्टीत, समद्यांसमोर, उभं राहून सांगायचं. मालक असू दे न्हाईतर कोण असू दे. आन मंग संध्याकाळी मला फोन करायचा, मी त्यांना इचारणार हाय, तुझ्यावर माझा भरवसा नाय." आत गेली, फडताळातून डबा काढला, शेंगदाण्याचे लाडू भरले, वरून दाबून झाकण लावलं. मी सवयीने हात पुढे केला, तर हातावर चापट बसली. "हे तुझ्यासाठी न्हाईत. त्यांना द्यायचे. आन रेल्वेत झाकण उघडलंस तर बघ, वास घ्यायला पन उघडायचं नाय."